सरपंचिणीची रजा

पांढरी गाडी दारात येऊन थांबली तेव्हा सरपंचीण ओसरीत फतकल मारून जळक्या मोटारीच्या पोटातून तार उपटत होती. एका पायाने मोटार दाबून धरायची, छिन्नीने गुंडाळीचं तोंड कापायचं आणि पकडीत धरून खाचेतली तार हिसडून काढायची. जळालेल्या वार्निशचा वास तिच्या हातांना, केसांना आणि पांघरुणालासुद्धा होता. वीस वर्षांत तो तिला येईनासा झाला होता. दुसऱ्यांनी नाक वळवलं की मात्र आठवायचा.

तसं म्हटलं तर सरपंचीण म्हणजे सरपंचाची बायको. पण इथे सरपंच तीच होती. नवरा विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा, म्हणून तो मोटारवाला. तीन वर्षांपूर्वी गावातल्या दोन तटांचं एकमेकांच्या माणसावर एकमत होईना, तेव्हा दोघांनाही कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली ही बाई चालली. मान हलवेल, सही करेल, असा हिशेब. बाईने मान हलवली नाही आणि वाचल्याशिवाय सही केली नाही. हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

गाडीतून आधी उपसरपंच उतरला. गावात त्याला होहो म्हणत, कारण तो कुणालाच नाही म्हणायचा नाही. मागून काळा चष्मा घातलेला एक पन्नाशीचा गृहस्थ उतरला. त्याने ओसरीत पसरलेल्या तारा बघितल्या आणि पाय कुठे ठेवावा हे न कळून दारातच थांबला.

"वहिनी, मोठी माणसं आलीत," होहो म्हणाला. "तालुक्याहून, तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी की मोटारीसाठी?"

चष्मेवाला हसला. "सरपंचबाई, मी आडपडदा ठेवत नाही. विधानसभा आली. आम्हाला तुमच्यासारखी बाई हवी. अपक्ष उभ्या राहा. गाडी, माणसं, कागदपत्रं सगळं आमचं. तुम्ही फक्त बोलायचं."

सरपंचिणीने छिन्नी खाली ठेवली. "मीच का?"

"तुमचं नाव आहे. टँकरचं पाणी या गावात जसं वाटलं जातं तसं कुठेच नाही. लोक बोलतात."

"लोक माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्ही कुणाचे?"

"जनतेचे," चष्मेवाला म्हणाला, आणि होहोने "हो हो" केलं.

गाडी गेल्यावर म्हाताऱ्याने, म्हणजे सासऱ्याने, खाटेवरून मान उचलली. आयुष्यभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून त्याचा एक कान गेला होता. उरलेल्या कानाने तो नको तेवढं ऐकायचा.

"कुणाची तरी मतं खायची असतील," तो म्हणाला. "तुला उभी करायची, बायांची मतं फोडायची, आणि तिसराच निवडून आणायचा. आम्ही काय निवडणुका बघितल्या नाहीत?"

"मलाही तसंच वाटतं, मामंजी."

"मग नाही म्हण."

तिने छिन्नी पुन्हा उचलली. मोटारवाला आतून चहा घेऊन आला. त्याने कप तिच्यापुढे ठेवला आणि मोटारीचं टोपण उगाच फिरवून बघितलं.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

"तुझं तू बघ," तो म्हणाला. "मला मोटारीतलं कळतं."

नाही म्हणायला तिला जड का गेलं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. मागच्याच महिन्यात ती टँकरची फेरी वाढवून मागायला तालुक्याच्या कचेरीत गेली होती. सकाळी दहापासून बाकावर बसली. मागून आलेले चारजण आत जाऊन आले. दुपारी साहेबाने दारातूनच विचारलं, "तुमच्या गावचे सरपंच नाही आले का?" मीच सरपंच, असं ती म्हणाली तेव्हा तो म्हणाला, "बरं बरं. मग मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." ती उभ्या उभ्याच परत फिरली होती. बाकाच्या कडेचा वळ मांडीला दोन दिवस होता. त्या साहेबाच्या टेबलापुढे एकदा खुर्ची ओढून बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण ते मनात होतं खरं.

तिसऱ्या दिवशी तिने होकार दिला.

तालुक्याला अर्ज भरायला गेली तेव्हा कागदांची ही चळत पुढे आली. ती वाचायला बसली तसा चष्मेवाला घड्याळ बघू लागला. तरी तिने सगळं वाचलं. शेवटच्या कागदाशी थबकली. तो रजेचा अर्ज होता: निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत सरपंचपदाचा कारभार उपसरपंचाकडे.

"हे कशाला?"

"नियम आहे," होहो म्हणाला. "पदावर राहून प्रचार केला की अर्ज उडतो. विरोधक टपलेलेच असतात, वहिनी."

तिने सोबत आणलेल्या पंचायतीच्या कारकुनाकडे बघितलं. तो गावातलाच, हाडकुळा, पाच लेकरांचा बाप. "असा नियम आहे?"

कारकून टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत म्हणाला, "असतो म्हणतात."

असतो म्हणतात! तिला ते खटकलं. पण बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं, सगळे तिच्याकडे बघत होते, अर्ज तीनला बंद होणार होते आणि घड्याळात पावणेतीन झाले होते. तिने सही केली. पिशवीतून पंचायतीचा शिक्का काढून होहोच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

तिला निशाणी मिळाली शिडी. म्हाताऱ्याने पत्रक उलटंपालटं करून बघितलं. "चढायला शिडी दिली ते ठीक. खाली धरून कोण उभं आहे ते बघ."

मग उन्हातले दिवस सुरू झाले. सकाळी सहाला गाडी यायची. दिवसाला सात-आठ गावं. धुळीने पापण्या जड व्हायच्या, चपलेचा अंगठा दोनदा तुटला, घोटे सुजून संध्याकाळी पाय आपले वाटायचे नाहीत. ती सगळ्यांवर नजर ठेवून होती. ड्रायव्हर दर गावात गाडीपासून लांब जाऊन फोनवर बोलायचा. ती आली की "हो, हो, ठेवतो" म्हणायचा. भोंगेवाला तिचं नाव धड घ्यायचा नाही. चष्मेवाला पहिल्या चार दिवसांनंतर फिरकलाच नाही. मतं खायला उभी केली असेल, तर मतं मिळावीत म्हणून तरी कुणी धडपडायला हवं. इथे कुणाला घाईच नव्हती. ती घरापासून लांब फिरत राहिली म्हणजे झालं, असा सगळ्यांचा रागरंग. हे तिला जाणवत होतं, पण का ते उलगडत नव्हतं.

आणि तरी एका गावात गंमत झाली. पिंपाच्या रांगेत पन्नासेक बाया उभ्या होत्या. भाषण लिहून दिलेला कागद वाऱ्याने उडाला. मग ती सरळ बोलली. "टँकर आला की आधी कोण भरतं? ज्याची मोटार मोठी, तो. आमच्या गावात मी काय केलं? घरातली माणसं मोजली. माणशी दोन हंडे. माझ्या घरी चार माणसं होती तेव्हा आठ, आता सासूबाई गेल्या तर सहा. सहाच. माझा नवरा शेजारणीकडे एक हंडा उसना मागायला गेला, तर तिने त्याला माझ्याकडेच पाठवलं!"

बाया खदखदून हसल्या. मग ऐकू लागल्या. एका म्हातारीने पुढे येऊन तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. त्या दिवशी मोटारवाला सोबत आला होता. गर्दीच्या कडेला, सायकलला टेकून तो तिच्याकडे बघत होता, जसा ती लग्नानंतर पहिल्यांदा सायकल शिकली तेव्हा बघत होता.

निवडून येऊ का काय, असं त्या दुपारी तिच्या मनात पहिल्यांदा येऊन गेलं.

पण घरात काहीतरी बिनसलं होतं. एवढ्या दुष्काळात, विहिरींना पाणी नसताना, ओसरीत सहा मोटारी येऊन पडल्या होत्या. तिने विचारलं तर मोटारवाला म्हणाला, "आल्यात."

"कुणाच्या?"

"एका माणसाच्या."

तो आतल्या खोलीत बसून मोटारी भरू लागला. आजवर कधी तो आत बसला नव्हता; उजेड पुरत नाही म्हणायचा. ती आली की वरून गोणपाट टाकायचा. दोनदा होहोचा पुतण्या येऊन काहीतरी कुजबुजून गेला. सरपंचिणीच्या मनात नको ते येऊ लागलं. उभं राहायचं ठरलं तेव्हा हा बोलला नाही. रजेचा कागद सांगितला तेव्हाही बोलला नाही. आता हा कामाचा पाऊस कुठून पडला? एकवीस वर्षं ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, त्याच्या पाठीकडे आपण चोरासारखं बघतोय, हे कळून तिला स्वतःचीच शिसारी आली. तरी ती बघत राहिली.

अकराव्या दिवशी गाडी आली नाही. ड्रायव्हरने कळवलं, टायर गेलाय, आज विश्रांती घ्या. सरपंचीण चपला काढून सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिने गोणपाट उचललं.

मोटारवाला बांबूची पट्टी हातात धरून खाचेत तार बसवत होता. तो थांबला. पुढ्यात चार पंप उघडे होते. तिला मोटारीतलं सगळं कळत नसलं तरी वीस वर्षं तारा उपटल्या होत्या. हे विहिरीतले पंप नव्हते. बुटके, रुंद तोंडाचे, तळाला जाड जाळी.

"हे चिखल ओढायचे पंप," ती म्हणाली.

"हो."

"गावात प्यायला पाणी नाही. चिखल कुठला ओढणार?"

बाहेर म्हातारा खोकत होता.

"अहो, मी काय विचारते? अख्ख्या शिवारात पाणी उरलंय ते एका ठिकाणी. तळ्याच्या डोहात. आणि त्याच्यावर पिण्याची विहीर जगतेय."

"ठाऊक आहे."

"कुणाचे पंप?"

"पुतण्याच्या नावावर आलेत," तो म्हणाला. "पण माल होहोचा. डोह उपसायचा, मग तळ्यातली माती आणि मुरूम खणून न्यायचा. मोठ्या रस्त्याच्या भरावाला. काम त्या चष्मेवाल्याच्या मेव्हण्याकडे आहे."

ती भिंतीला धरून खाली बसली. मतं खायची नव्हती. कुणाची मतं फुटतात, कोण निवडून येतो, याच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तिची फक्त खुर्ची रिकामी हवी होती. महिनाभर. तळ्यातली माती काढायच्या ठरावावर तिने मागच्या वर्षी दोनदा सही नाकारली होती.

"कधीपासून माहीत आहे?"

"पंप उघडले तेव्हापासून. पाच दिवस झाले. दोन भरून दिले पण."

"दिले?"

"दिले."

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?" तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला काय दिलं त्यांनी? सांगा ना! काय दिलं?"

"कामाशिवाय काही नाही. तीन महिन्यांत हाताला धड काम नव्हतं, ते आलं," तो म्हणाला. मग बांबूची पट्टी त्याने खाली ठेवली. "पण बोललो नाही ते त्याच्यासाठी नाही. पहिल्या दिवशी वाटलं, संध्याकाळी आलीस की सांगू. दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर त्या गावात आलो. तू बोलत होतीस. ती म्हातारी तुझा हात सोडेना. तुला तसं कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, आणखी एक दिवस. मग आणखी एक."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी रडावंसं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. उठली आणि चपला घातल्या.

"हे चार पंप जसे आहेत तसे राहू द्या."

"राहू देतो कसले," मोटारवाला म्हणाला, आणि नुकती बसवलेली गुंडाळी त्याने पकडीत धरून हिसडून बाहेर काढली.

तळं गावापासून वीस मिनिटांवर. भेगाळलेल्या तळातून चालताना तिला ट्रकच्या चाकांच्या ताज्या चाकोऱ्या दिसल्या, मग चुन्याची पांढरी रेघ, मग रोवलेल्या खुंट्या. डोहाशी दोन पंप घुरघुरत होते. जाड पाइपातून तांबूस पाणी पलीकडच्या ओढ्यात पडत होतं आणि तिथल्या रेतीत मुरून जात होतं. डोहाच्या काठावर ओल्या मातीचा पट्टा उघडा पडला होता, हातभर उंच. लहानशा मासोळ्या त्यात तडफडत होत्या. पंपाजवळ बसलेल्या माणसाला ती म्हणाली, "बंद कर."

"उपसरपंचांचा हुकूम आहे."

"आणि सरपंचाचा हुकूम आहे, बंद कर."

"तुम्ही रजेवर आहात ना?" तो उठलाही नाही.

सरपंचिणीने आणखी वाद घातला नाही. पंपांच्या विजेच्या खोक्याशी गेली आणि खटका खाली ओढला. पंप कण्हून थांबले. खटक्याच्या मागचा फ्यूज उपटून तिने मुठीत घेतला. वीस वर्षांच्या संसारात एवढं तरी शिकली होती.

पंचायतीत बैठक भरली होती. सात सदस्य, कारकून आणि तिच्या खुर्चीत होहो. टेबलावर तोच शिक्का आणि शाईची गादी. ती आत शिरली तसं बोलणं तुटलं.

"या या, वहिनी," होहो म्हणाला. "प्रचार कसा चाललाय?"

"काय विषय आहे बैठकीचा?"

"किरकोळ. तळ्यातला गाळ काढायचाय. पाऊस पडला की पाणी जास्त साठेल. गावाचंच भलं."

"उठा."

"हो हो, बसा ना, दुसरी खुर्ची..."

"दुसरी नको. ही. उठा."

होहो हसला, पण त्याचे कान लाल झाले. "वहिनी, कायद्याने बोला. रजा निकालापर्यंत आहे. तुमची सही आहे."

"माझीच सही आहे ना? रजा माझी. मी घेतली, मी मोडली." ती कारकुनाकडे वळली. "कागद द्या."

कारकुनाने होहोकडे बघितलं, मग तिच्याकडे. खणातून त्याने कोरा कागद काढून दिला. तिने उभ्यानेच दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. धुळीची बोटं कागदावर उमटली.

"हे घेऊ नका," होहो कारकुनाला म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात होहो नव्हतं. "सांगून ठेवतो."

कारकुनाने आवकेची वही ओढली, कागदावर मिळाल्याचा ठसा मारला, तारीख घातली. मग घड्याळाकडे बघून वेळही घातली: बारा वाजून दहा मिनिटं. "तुमच्या ठरावावर अजून सह्या झालेल्या नाहीत," तो याही टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत पुटपुटला. "आधी हा कागद आला."

होहो उठला. शिक्का उचलून त्याने तिच्यापुढे जरा जोरात ठेवला.

उमेदवारी मागे घ्यायची मुदत केव्हाच संपली होती. शिडी यादीत राहिली. पांढरी गाडी पुन्हा आली नाही, भोंगा आला नाही. सरपंचीण प्रचाराला गेली नाही. ती तळ्यावर आणि टँकरवर. डोहातलं पाणी गेलं ते गेलंच. विहीर खोल गेली, दोर आठ हात वाढवावा लागला आणि माणशी दोन हंड्यांचा दीड झाला. तो तिनेच करून टाकला.

दुसऱ्याच आठवड्यात गावभर झालं: बाई बसली. आमदाराच्या माणसांनी बसवली. एवढी उड्या मारत होती, एकाएकी घरात कशी आली? काहीतरी घेतल्याशिवाय कुणी बसतं का? होहोने हे स्वतःच्या तोंडाने कधी म्हटलं नाही. कुणी विचारलं की तो फक्त "हो हो, असं ऐकतो खरं" म्हणायचा. विहिरीवर शिंपीण, जी तिची जवळपास मैत्रीणच, सगळ्यांसमोर म्हणाली, "आम्हाला दीड हंडा. तुझं काय बाई, तुला मिळालं असेल भरपूर."

सरपंचिणीने दोर ओढायचा थांबवला. बोलावं असं पुष्कळ होतं. पंपांचं, रजेचं, मुरुमाचं. पण नवऱ्याने त्यातले दोन पंप भरून दिले होते हेही मग सांगावं लागलं असतं. तिने हंडा भरला आणि कंबरेवर घेतला.

घरात दोघं कामापुरतं बोलत. एकदा मोटारवाला म्हणाला, "मी सांगू का लोकांना? माझ्या तोंडाने?"

"सांगून कोण मानणार? म्हणतील, बायकोने पढवलंय."

तरी तो एके सकाळी चावडीपुढे जाऊन सांगून आला. पंप आपण भरले हेही सांगितलं. ऐकलं सगळ्यांनी. मग एकजण म्हणाला, "म्हणजे दोघांनीही घेतलं." लोक हसले. तो परत आला आणि दिवसभर जेवला नाही. त्या दिवशी तिने त्याच्या पुढ्यात बसून तारा उपटायला घेतल्या, मागच्यासारख्या.

निकाल लागला तेव्हा दुपार होती. आमदार पुन्हा निवडून आले. ओसरीत रेडिओ नव्हता. मोटारवाल्याने तालुक्याहून कागदाचा तुकडा लिहून आणला होता. शिडीला सबंध मतदारसंघात बाराशे चार.

"आपल्या गावात?" तिने विचारलं.

"एकतीस."

"एवढीच?" म्हातारा खाटेवरून म्हणाला. "त्यात माझंही धरू नका. चष्म्याशिवाय दाबलं, कुणाला गेलं कोण जाणे."

मोटारवाला हसला. बऱ्याच दिवसांनी.

ती तारेची गुंडाळी हातात धरून बसली होती. आम्ही दोघं धरून एकतीस. म्हणजे बाकी एकोणतीस. हे कोण? शेजारी तिच्या दारावरून जाताना मान वळवत होते. चावडीवर हसले ते सगळेच. गल्लीत तिला एकही माणूस असा दिसत नव्हता, ज्याने तिचं नाव चांगल्या तोंडाने घेतलं होतं. आणि तरी एकोणतीसजणांनी, गाडी नाही, भोंगा नाही, बाई विकली गेली असं सगळं गाव म्हणत असताना, पडद्याआड जाऊन शिडी शोधली होती आणि बाहेर येऊन चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर गेली. नेहमीसारखी रांग. तिचा नंबर आला, तिने दोर ओढला, हंडा भरला. कंबरेत कळ आली म्हणून दुसरा हंडा डोक्यावर चढवताना तो अर्ध्यातच अडला. मागून कुणीतरी हंड्याच्या बुडाला हात लावून तो वर ठेवून दिला.

तिने मान वळवता येईल तेवढी वळवली. शिंपीण होती.

"बघतेस काय?" शिंपीण खेकसली. "चल पुढे. मागे रांग आहे."

सरपंचीण चालू लागली. हंड्यातलं पाणी कानावर ओघळत होतं. वाटेत कारकुनाची बायको भेटली, ती दुसरीकडे बघत गेली. पुढच्या घराच्या दाराशी कुलपं दुरुस्त करणारा एक म्हातारा बसला होता, त्याने नुसती मान हलवली. पुढे दोन पोरी हसत गेल्या. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत होती, घर येईपर्यंत.